उद्याचा वारा

सोयाबीन निघालं की आमच्याकडची हवा बदलते. मळणीयंत्रातून उडालेलं भुस्कट आठ-आठ दिवस नाकात बसलेलं असतं, शिंकून शिंकून जीव नकोसा होतो. आणि मग एका सकाळी बघावं तर सगळं खाली बसलेलं. तुरीला पिवळी फुलं, जिंतूरच्या रस्त्यावर कापसाने फुगलेले टेम्पो, आणि हवेला नुकत्याच घासून पालथ्या घातलेल्या भांड्यांचा गार वास. मला हा हंगाम फार आवडतो. लोकांना पावसाळा आवडतो, आवडू द्या. आमच्या काळ्या रानात पावसाळ्यात चपलेला शेरभर चिखल चिकटतो. त्यात लोकांना काय गोड दिसतं ते मला आजवर कळलेलं नाही.

काल तो वास आला. ऑफिसची खिडकी उघडली आणि मी मुद्दाम दोन मिनिटं तिथेच उभी राहिले. वळले तर टेबलावर कागद. आमच्या विद्यापीठाच्या कचरा जाळायच्या भट्टीला धुराच्या नियमांतून तात्पुरती सूट मिळावी, असा अर्ज. आणि त्याला टाचलेली चिठ्ठी, 'मॅडम, फक्त सही.'

आता 'फक्त सही' म्हटलं की माझं डोकंच फिरतं. इतकी वर्षं नोकरी केली, ज्या ज्या कागदावर फक्त सही करायची होती त्या प्रत्येकात काहीतरी वाचायचं राहून गेलेलं होतं. मी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं. पण तिसऱ्या ओळीलाच मन सात वर्षं मागं गेलं. तेव्हाही हाच हंगाम होता, टेबलावर असाच कागद होता, आणि हा घासल्या भांड्यांचा वास मात्र त्या साली आलाच नव्हता.

मी इथल्या जनावरांच्या दवाखान्यात प्रयोगशाळा सहायक आहे. दवाखाना विद्यापीठाचा, गावाबाहेर, तारेच्या कुंपणाला लागून शेतं. दवाखाना म्हटला की घाण आली. रक्ताच्या नळ्या, पट्ट्या, सुया, मेलेली वासरं, आजारी जनावरांखालचा पेंढा. हे कुठंतरी जायला हवं, आणि ते भट्टीत जायचं. विटांची एक खोली, लोखंडी दार, वर चिमणी. चिमणीच्या आधी एक टाकी असते, तिच्यात पाण्याचे फवारे उडतात आणि धूर त्यातून धुऊन बाहेर पडतो. त्या साली ती टाकी आतून गंजली. नवी लांबून यायची होती. ती येईपर्यंत तीन महिने बिनधुतला धूर सोडायची सूट आम्हाला मिळाली.

सूट म्हणजे मोकाट सोडलं होतं असं नव्हे हं. अटी होत्या. ठरलेल्या वेळेतच भट्टी पेटवायची. वारा वस्तीकडे नसेल तेव्हाच पेटवायची. आणि रोजचा वारा वहीत लिहायचा. ती वही माझ्याकडे होती.

वही मी झकास ठेवली. लाल शाईने रेघा मारल्या, पुठ्ठ्याला खाकी कव्हर घातलं. ऑफिसच्या गच्चीवर एका काठीला कापडाची झेंडी बांधून घेतली. ती फडफडेल त्यावरून वारा ओळखायचा. पहिला आठवडा मी रोज सकाळी गच्चीवर चढले. वारा रोज तोच. झेंडी रोज बसस्टँडच्या रस्त्याकडे, म्हणजे रिकाम्या माळाकडे. दुसऱ्या आठवड्यात माझे गुडघे म्हणाले, बाई, कशाला? आणि आमच्या ऑफिसात एक जुनी रीत होती, आता सांगायला लाज वाटते, पण होती. तेव्हा शनिवारी अर्धा दिवस असायचा. निवांत वेळ मिळाला की पुढच्या आठवड्याचे रकाने भरून टाकायचे. फ्रीजचं तापमान, पिण्याच्या पाण्याची टाकी धुतल्याची नोंद, सगळं. त्यातच मी सहा वेळा 'वारा: अनुकूल' लिहिलं आणि चहा प्यायला मोकळी झाले. त्यात आपण काही चुकतोय असं माझ्या मनालाही शिवलं नाही.

भट्टी चालवायचे रहीमचाचा. उंच, वाळकी काठी, दाढीला मेंदी, आणि डोक्याला कायम ओला रुमाल. ते एकदा वहीवर अंगठा ठेवून म्हणाले, "म्याडम, मैं भट्टी चलातूं, हवा नई चलाता. सुबू सुबू धुवां नीचेच बैठरा."

"चाचा, झेंडी बघा की जरा. माळाकडं आहे वारा."

"झंडी तो है," एवढंच म्हणून ते गेले. मला वाटलं, म्हातारपण आलं की माणसं कुरकुर करतातच.

कुंपणापलीकडच्या रानात तेव्हा मेंढरं बसलेली होती. मालकाला ते रान त्या रब्बीला पड ठेवायचं होतं, म्हणून सोयाबीन निघाल्यावर त्याने धनगरांना मेंढरं बसवायला बोलावलं होतं. रोज रात्री कळप एका पट्ट्यात बसवायचा, दुसऱ्या दिवशी पुढच्या पट्ट्यात. सगळं रान लेंड्यांनी भरून निघालं की मगच पाल हलवायचं. एकदा शब्द दिला की मधेच उठून जायचं नाही, अशी त्यांची रीत. पालाची कारभारीण गयाबाई. पन्नाशीची असेल. कपाळावर मोठं कुंकू, कमरेला पिशवी, आणि हातात लोकर कातायची चाती सतत फिरती. बोलताना सुद्धा ती थांबायची नाही.

एका मंगळवारी ती थेट माझ्या खिडकीशी आली. हातात झाकलेलं पातेलं. झाकण काढून माझ्यासमोर धरलं.

"म्याडम, ह्ये बगा."

शेळीचं दूध होतं, आणि वर काळे कण तरंगत होते, तीळ सांडावेत तसे.

"कशानं झालं हे?"

"तुमच्या चिमनीनं. आनिक कशानं? घोंगड्यावर त्येच, भाकरीवर त्येच. कोकरं ठसकायलीत. आमी कामून सोसावं?"

मी खुर्चीतून उठले नाही. उलट जरा ताठ बसले. आमच्याकडे रीतसर सूट आहे, आम्ही वारा बघूनच भट्टी पेटवतो, वस्तीकडे धूर जात नाही, असं सगळं मी तिला ऐकवलं. आणि वरून ऐट म्हणून ती खाकी कव्हराची वही तिच्यापुढे ठेवली. मला काय ठाऊक की बाई चौथी शिकलेली आहे! तिने चाती काखेत मारली, बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, आणि तिचं बोट खाली खाली जात राहिलं.

"आज मंगळवार न्हवं?"

"हो."

"मंग हितं शनवारपातुर वारा लिवलेला हाय की!"

तिने बोट तिथेच ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"उद्याचा वारा आजच कळतो व्हय तुमाला? मंग लय शिकलेल्या हाव बाई तुमी."

फाडकन थोबाडीत बसावी तसं झालं. ती हसत नव्हती, टोमणाही मारत नव्हती. तिला खरंच प्रश्न पडला होता, आणि तेच जास्त लागलं.  तिने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि मग खरं ते सांगितलं.

"माजी रुक्मिन येयलीय पयल्या बाळंतपनाला. सटीच्या आसपास दिवस भरत्यात. जिंतूरला दवाखान्यात नेईन मी, पन तितून आनायचं कुटं? हितंच की. आमचं म्हायेर म्हंजी ह्येच पाल. जागा सोडता येत न्हाई, शबूद दिलाय. तवा तुमीच सांगा, माज्या नातवंडाचं पयलं पयलं नाक ह्या धुरात उघडावं का?"

सट म्हणजे चंपाषष्ठी. मी कॅलेंडरकडे पाहिलं. आमची सूटही त्याच दिवसांत संपत होती, आणि ती वाढवून मागायचा अर्ज टाइप होऊन साहेबांच्या टेबलावर पोचलेला होता.

त्या दिवशी घरी भाकऱ्या थापताना आई आठवली. मी सोनपेठची. आमच्या घरी पहिलटकरीण माहेरी आली की तिच्या खोलीचं दार-खिडकी आई स्वतः पुसायची, जाळी झाडायची, चूल दुसरीकडे मांडायची. माझ्या वेळी सुद्धा तेच केलं. आणि इथे मी एका आईच्या दारात रोज काय सोडत होते? मला माझा राग आला, चांगला सणसणीत आला, आणि राग आला की मला काम सुचतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी गच्चीवर न चढता कुंपणाशी गेले. धुकं होतं. गयाबाई चुलीपाशी होती.

"वारा कुठला आहे सांगा बघू," मी म्हटलं.

"झेंडीला इचारा की."

"झेंडी राहू द्या, तुम्ही सांगा."

तिने हनुवटीने कळपाकडे खूण केली. सगळी मेंढरं एकाच दिशेला तोंड करून बसली होती, आणि त्यांची पाठ होती आमच्या चिमणीकडे.

"थंडीचं मेंढरू वाऱ्याला पाट देतंय. तुमची झेंडी कुटं हाय? त्या उंच घरावर. घराला आपटून वारा वळतो, तिला काय कळायलंय? आन सकाळच्या पारी तर धूर वर जातच न्हाई. लिंबाच्या शेंड्यापातुर जातो आन बसतो आमच्या डोक्यावर."

रहीमचाचा हेच तर सांगत होते.

मी ऑफिसात आले, वहीतले पुढचे चार रकाने लाल शाईने खोडले, खाली सही केली, आणि बुधवारच्या रकान्यात लिहिलं: 'वारा कुंपणाकडे. पलीकडे पाल आहे. भट्टी बंद.' गुरुवारी तेच लिहिलं. शुक्रवारीही. शनिवारी साहेबांचं बोलावणं आलं.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याला शांतता हवी असायची, एवढाच त्याचा दोष. भट्टीच्या दाराशी तीन दिवसांच्या पिशव्या साचल्या होत्या, माश्या घोंघावत होत्या, आणि कुलगुरूंची गाडी त्याच रस्त्याने जायची.

"अहो, सूट आहे ना आपल्याकडे?"

"सूट भट्टीला आहे साहेब, नाकाला नाही."

"पण अटीत वस्ती म्हटलंय. पाल म्हणजे काही वस्ती नव्हे."

"चूल आहे, पाणी भरतात, कोकरं आहेत, बाळंतपण व्हायचंय. आणखी काय असतं साहेब वस्तीत?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. मुदतवाढीच्या अर्जावर माझा दाखला लागणार होता. वारा अनुकूल होता आणि परिसरातून तक्रार नाही, असा. मी म्हटलं, मी खरं तेच लिहिणार. "मग मुदतवाढ मिळायची नाही," ते म्हणाले. "मिळू नये म्हणूनच," मी म्हणाले.  साहेबांनी खिडकीतून त्या पिशव्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि त्याचं काय करायचं? डोक्यावर घेऊन फिरायचं?"

"आठ दिवस द्या मला. भट्टीची गरज निम्म्यावर आणून दाखवते."

कशाच्या जोरावर म्हणाले, देव जाणे. पण एकदा शब्द दिला की मधेच उठून जायचं नाही, हे मी त्याच आठवड्यात कुंपणापलीकडे शिकले होते.

त्याच दुपारी मी आणि रहीमचाचा नाकाला फडकी बांधून त्या पिशव्या उघडायला बसलो. घरी सुपात डाळ निवडतो तसं निवडायचं ठरवलं. आणि काय काय निघालं म्हणता! जुन्या उत्तरपत्रिका. मोडक्या खुर्च्यांचा स्पंज. कँटीनच्या प्लास्टिकच्या पिशव्या. कुठल्याशा समारंभाचा अख्खा बॅनर, पाहुण्यांच्या फोटोसकट. फुगे सुद्धा. आमच्या दवाखान्याची घाण त्यात जेमतेम तळाशी होती. भट्टीला सूट मिळाली म्हटल्यावर अख्ख्या विद्यापीठाने हात धुऊन घेतले होते. ज्याला जे नको ते त्याने 'जळून जाईल' म्हणून आमच्या दाराशी आणून टाकलं होतं, आणि तो सगळा धूर रुक्मिणच्या पालावर जात होता.

चाचांनी तो बॅनर उलगडून उन्हात धरला आणि म्हणाले, "म्याडम, साहब लोगां को भी हम जलारे थे क्या?" मी इतकी हसले की फडकं सुटलं.

मग भराभर कामं केली. बॅनर, स्पंज, पिशव्या ज्याच्या त्याच्या विभागात परत पाठवल्या, वर चिठ्ठ्या लावून. खूप लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. झोंबू देत. उत्तरपत्रिका रद्दीत गेल्या. धडधाकट जनावरांच्या गोठ्यातला पेंढा खताच्या खड्ड्यात. मेलेल्या वासरांसाठी नेमून दिलेली जागा होतीच, खोल खड्डा आणि वर चुना. फक्त खणायचा कंटाळा होता. सुया, पट्ट्या, नळ्या पिवळ्या पिशव्यांत भरून परभणीहून दवाखान्यांचा कचरा न्यायला येणाऱ्या गाडीत चढवल्या. त्या गाडीच्या ड्रायव्हरला आमच्या फाटकापर्यंत वळवून आणायला मला तीन दिवस फोन करावे लागले, घसा बसला. आठव्या दिवशी साहेब स्वतः आले. भट्टीसमोरची जागा झाडून पाणी मारलेली होती आणि जाळायला काही शिल्लकच नव्हतं. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं, कोपऱ्यात काही दडवलंय का तेही पाहिलं. मग म्हणाले, "ठीक आहे. नाही मागत मुदतवाढ."

मला नाचावंसं वाटलं. नाचले नाही, कारण रहीमचाचा शेजारी उदास उभे होते. भट्टी बंद म्हणजे त्यांचं काम बंद. मी त्यांना खताच्या खड्ड्यावर नेलं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते त्या खताचा असा अभिमान बाळगायला लागले की येईल त्याच्या हातात मूठभर देऊन "सूंगो, सूंगो" म्हणायचे.

सट झाली आणि चौथ्या दिवशी रुक्मिण बाळंत झाली. मुलगी. जिंतूरहून तिला रिक्षाने आणलं, तेव्हा मी बाळंतविडा घेऊन कुंपण ओलांडून गेले. शेपू, डिंक, खारीक, एक मऊ दुपटं. पालाला घोंगड्याचा आडोसा केला होता, आणि आत शिरते तो काय, धूर! शेगडीत निखारे, त्यावर ओवा आणि वावडिंग, आणि गयाबाई बाळाला त्यावरून हलकेच फिरवून धुरी देत होती.

"अहो, यासाठी का मी एवढा आटापिटा केला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

गयाबाई खळखळून हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "ह्यो धूर आपला हाय, म्याडम. ह्येला कुनाची सूट लागत न्हाई."

तिने बाळ माझ्या मांडीवर दिलं. इवलंसं नाक, त्याच्या पाकळ्या हलत होत्या. मी बाहेर पाहिलं तर चिमणीच्या तोंडावर दोन साळुंक्या बसलेल्या होत्या. मला रडू आलं, ते मी त्या ओव्याच्या धुरावर ढकललं.

त्यानंतर नवी टाकी आली, भट्टी पुन्हा सुरू झाली, पण मोजकी, आणि धूर धुऊन. मेंढरं दरवर्षी येतात. ती मुलगी, बानू, आता या सटीला सात वर्षांची होईल. आजीकडे आली की कुंपणाशी उभी राहून मला "ओ वारावाल्या बाई" म्हणून हाका मारते. रहीमचाचा घरी बसले. साहेब बदलून गेले. मी पुढच्या साली निवृत्त होईन.

आणि आता हा कागद. टाकी पुन्हा बिघडलीय, सुटा भाग यायचाय, तीन महिने लागतील. नवे साहेब तरुण आहेत, हुशार आहेत, त्यांनी अर्ज स्वच्छ टाइप करवून घेतलाय. 'परिसरात वस्ती: नाही.' काल मी खिडकीतून पाहिलं. कुंपणापलीकडचं रान खरोखरच मोकळं होतं, सोयाबीनची धसकटं आणि दोन बगळे. काल ते वाक्य शब्दशः खरं होतं, आणि सही केली असती तरी मला कुणीही खोटं म्हणालं नसतं. शेवटचं वर्ष, शांतपणे जावं, असंही एकदा मनात आलं. शांतता हवी असणाऱ्या त्या मागच्या साहेबांना तेव्हा काय वाटलं असेल ते मला काल नेमकं कळलं.

त्याच्याखाली आणखी एक ओळ होती. 'प्रस्तावित तीन महिन्यांत वारा अनुकूल राहील, असे प्रमाणित करण्यात येते.' आणि त्यापुढे माझं नाव.

आज सकाळी मी जरा लवकरच आले. लाल शाईचं पेन काढलं. 'नाही' खोडून लिहिलं: 'आहे. पुढच्या आठवड्यात येते. दरवर्षी येते.' सोबत ती जुनी, खाकी कव्हराची वही जोडली, खोडलेल्या चार रकान्यांसकट. माझी चूक कपाटात ठेवून निवृत्त व्हायचं नाही, असं मी ठरवलं होतं. साहेबांनी वाचलं आणि भुवया चढवल्या. "मॅडम, मग कचरा न जाळता कसं चालायचं?"

"चालतं साहेब. एक हंगाम चालवून दाखवलाय. उद्या सकाळी फडकं घेऊन भट्टीवर या, शिकवते."

ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत. मग त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ती मी अख्खी खोडली होती, आणि तिच्या जागी, एरवी माझं अक्षर गिचमिड असतं, पण तिथे बानूलाही वाचता यावं असं ठळक लिहिलं होतं:

'उद्याचा वारा उद्या पाहून लिहीन.'

खाली सही केली होती.